वडिलांची वाट, लोकांचे मत आणि बहिणीचा हिस्सा

सर्व स्तुती अल्लाहसाठी, आणि त्याच्या अंतिम प्रेषितांवर, हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम.

बंधू-भगिनींनो, फज्रची नमाज आटोपून मी कधी कधी रेवसच्या धक्क्यावर जातो. पाठीला दप्तर, डोक्यावर ओढणी अशा आपल्या मुली तिथे दिसतात. कुणी तरीतून करंजाला निघालेली असते, कुणी लाँचने मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला, तर कुणी अलिबागच्या एस.टी.ची वाट पाहत असते. कुणाला शिक्षिका व्हायचे असते, कुणाला औषधनिर्माणशास्त्र शिकायचे असते. निरोप द्यायला बाप आलेला असतो आणि त्याच्या चेहऱ्यावर अभिमान असतो.

माझी दादी सांगत असे की, तिच्या लहानपणी नाझिरा कुरआन पूर्ण झाले की मुलीचे शिक्षण संपले, असेच सारे मानत. तिला पुढे शिकायचे होते. तिचे वडील दुष्ट नव्हते, नमाजी होते, लेकीवर जीव टाकणारे होते. ते एवढेच म्हणाले, "लोक काय म्हणतील?" आज तिच्या पणतीला घरी बसवले, तर तेच लोक विचारतील, "मुलीला शिकवत का नाही?"

लोक तेच, घरे तीच, मशीदही तीच. मत मात्र उलटे झाले. हे कसे घडले आणि या बदलाकडे ईमानवंताने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा आज विचार करू.

मत कसे बदलते

लोकमत एका रात्रीत बदलत नाही. आधी थोडी माणसे बोल सोसून एक वाट चालतात. त्यांची मुले त्याच वाटेवर सहज चालू लागतात आणि नातवंडांना तर ही वाट कधी बंद होती हेच ठाऊक नसते.

आपल्याच रायगड किनाऱ्याचे उदाहरण घ्या. मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम नाझली आणि त्यांच्या भगिनी अतिया फैजी या सुशिक्षित घराण्यातल्या. १९०६ साली अतियाबेगम अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या आणि तिथला वृत्तांत लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकासाठी लिहून पाठवू लागल्या. त्याच १९०६ मध्ये शेख अब्दुल्ला व त्यांच्या पत्नी वहीदजहाँ बेगम यांनी अलिगढमध्ये मुलींची शाळा उघडली. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ सालीच अंजुमन-ए-इस्लामची पायाभरणी केली होती. ही मोजकी घराणी होती, आणि सामान्य कोकणी घराच्या उंबऱ्यापर्यंत तो विचार पोहोचायला आणखी दोन-तीन पिढ्या गेल्या. मुंबईची गोदी, मग आखातातली नोकरी, घरी येणारी पत्रे, बँकेचे कागद, या साऱ्यांनी बायकांना अक्षरओळखीची गरज शिकवली. अखेर शिकलेल्या मुलीला चांगले स्थळ मिळू लागले आणि उरलेला विरोध विरघळला.

लहानसहान गोष्टींतही हेच घडले. नमाजात इमामाचा आवाज ध्वनिक्षेपकावरून पोहोचवावा की नाही, यावर एकेकाळी उलेमांमध्ये दीर्घ वाद झाला, पुस्तिका निघाल्या. आज जुम्याला ध्वनिक्षेपक बंद पडला, तर वीजवाल्याला हाक मारायला सर्वांत आधी वडीलधारेच उठतात.

वडिलांची वाट पुरावा नाही, गर्दीही पुरावा नाही

हे पाहून एक पक्ष म्हणतो, "बघा, जुने सगळे चुकीचे होते. काळ बदलला, तुम्हीही बदला." दुसरा पक्ष म्हणतो, "बघा, समाज घसरत चालला. वाडवडिलांचे तेच खरे." दोघांनाही कुरआनचे उत्तर आहे.

सूरह बकराच्या १७०व्या आयतीचा भावार्थ असा की, अल्लाहने जे अवतरले त्याचे अनुसरण करा असे लोकांना सांगितले असता ते म्हणतात की, आम्ही तर आमच्या वाडवडिलांच्याच मार्गावर राहू. मग त्या वाडवडिलांना समज नसली आणि ते सन्मार्गावर नसले तरीही का? सूरह जुखरुफच्या २३व्या आयतीत तर प्रत्येक वस्तीतल्या सुखवस्तू लोकांनी आपल्या प्रेषिताला हेच उत्तर दिल्याचे सांगितले आहे. सुखवस्तू हा शब्द ध्यानात ठेवा. ज्याचे चांगले चालले आहे, त्यालाच वाडवडिलांची वाट सर्वांत प्रिय असते.

दुसरीकडे सूरह अनआमच्या ११६व्या आयतीत अल्लाह आपल्या प्रेषितांना बजावतो की, पृथ्वीवरील बहुसंख्य लोकांच्या मागे गेलात तर ते तुम्हाला अल्लाहच्या मार्गापासून दूर नेतील, कारण ते केवळ अंदाजावर चालतात.

म्हणजे जुने आहे म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही आणि आज सगळे तसेच म्हणतात म्हणूनही ती खरी ठरत नाही. एकीकडे आजोबांचा दरारा, दुसरीकडे नातवाच्या मोबाइलमधली गर्दी. ईमानवंताची कसोटी या दोहोंच्या बाहेर आहे.

काय बदलते, काय बदलत नाही

आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई पंथाचे. इमाम शाफिई (र.) यांची मते दोन टप्प्यांत सांगितली जातात. इराकमधील ती कौल-ए-कदीम, म्हणजे जुने मत. इजिप्तला गेल्यानंतरची ती कौल-ए-जदीद, म्हणजे नवे मत. हिजरी २०४ मध्ये त्यांचे निधन झाले. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत त्या थोर इमामांनी आपलीच कित्येक मते पुन्हा तपासली आणि बदलली. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुरावा समोर आला की मत सोडणे, ही विद्वानाची शोभा आहे.

मात्र त्यांनी बदलली ती स्वतःची समज. अल्लाहचा स्पष्ट आदेश त्यांनी बदलला नाही. रिवाज बदलतो आणि रिवाजावर आधारलेला निर्णयही बदलू शकतो, हे फिकहचे मान्य तत्त्व आहे. वाहन, पोशाखाची तऱ्हा, शाळेचे स्वरूप, व्यवहाराची साधने या सर्वांना ते लागू आहे. परंतु जिथे कुरआनने स्वतः हिशेब मांडून दिला, तिथे रिवाजाला जागा उरत नाही.

मुलीच्या शिक्षणाबाबत आपण जे बदललो, ते दीन सोडून नव्हे, दीनकडे परत येऊन बदललो. ज्या उम्मतवर पहिला शब्द 'वाच' असा उतरला, जिच्या माता हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून मोठमोठे सहाबी शिकत, तिने मुलींना अक्षरापासून दूर ठेवणे हीच मुळात चुकीची वाट होती. आपण मात्र तिलाच धर्म समजत होतो.

बाहेरून आलेली हाक

इथे एक कडू आठवण सांगणे भाग आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तीन तलाकांविरुद्ध त्यांचा आक्रोश होता. चार वर्षांनी, २२ मार्च १९७० रोजी, पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंचे धर्मविषयक विचार आणि त्यांच्या सर्व मागण्या आम्हाला मान्य नाहीत, हे मी आडपडदा न ठेवता सांगतो. पण त्या बायकांच्या डोळ्यांतले पाणी खोटे नव्हते.

एकदम तीन तलाक देणाऱ्याची वार्ता ऐकून प्रेषित (स.) संतापाने उठून उभे राहिले, ही हदीस नसाईमध्ये आहे आणि आपल्या मदरशांत ती शिकवली जाते. अशा तलाकाच्या परिणामाबाबत उलेमांत मतभेद आहेत; पण कुरआनने सांगितलेली टप्प्याटप्प्याची, समेटाला वाव देणारी रीत ती नव्हे, याबद्दल दुमत नाही. तरीही कितीशा मिंबरांवरून हे ठणकावून सांगितले गेले? हाक देणारा आपला वाटला नाही, म्हणून आम्ही हाकच ऐकली नाही. मग २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि २०१९ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद असलेला कायदा झाला. त्या कायद्यावर टीका करण्याचा हक्क आपल्याला जरूर आहे. पण जे आपण अल्लाहच्या भयाने वेळीच सुधारायला हवे होते, ते दुसऱ्याच्या हातून सुधारले जाण्याची पाळी का आली, हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे.

अशी पाळी पुन्हा येऊ नये, म्हणून पुढचे लिहितो आहे.

जिथे मत अजून बदललेले नाही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी इमामतीत नवा होतो. असरनंतर एक प्रतिष्ठित गृहस्थ मला आपल्या घरी घेऊन गेले. त्यांचे वडील वारले होते. ओटीवर भाऊ बसले होते, कागद तयार होता. बहिणीने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडत असल्याचे ते हक्कसोडपत्र होते आणि साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. बहीण दाराशी उभी होती. सही करण्यापूर्वी ती म्हणाली, "मौलवीसाहेब, माझे माहेर तेवढे राहू दे, अशी दुआ करा." मी दुआ केली. मग सहीही केली.

पुढे मकतबमध्ये मुलांना हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस सांगत होतो. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षी राहण्याची विनंती केली. प्रेषितांनी विचारले की, तुम्ही आपल्या सर्व मुलांना असेच दिले आहे का? उत्तर नकारार्थी आले. तेव्हा, अन्यायावर मी साक्षी राहणार नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी साक्ष नाकारली. बुखारी व मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. एका मुलाने विचारले, "हजरत, साक्ष द्यायला काय होते? नुसती सहीच तर करायची!" त्या दिवशी मला धडा पुढे नेता आला नाही.

मी त्या गृहस्थांकडे गेलो आणि माझी चूक सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "मौलवीसाहेब, आमच्या बापाने आमच्या फुफींकडून असेच घेतले. इथे सारे असेच करतात." पाहा, एका वाक्यात वाडवडील आले आणि दुसऱ्यात बहुसंख्य लोक. ज्या दोन आधारांना कुरआनने अमान्य केले, तेच दोन आधार. माझी सही आजही त्या कागदावर आहे. या लेखाने ती पुसली जाणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मुलीच्या शिक्षणाबद्दल मत बदलले. बहिणीच्या हिश्श्याबद्दल का बदलले नाही? कारण उघड आहे. पहिल्या बदलात घराला मिळत होते, दुसऱ्यात द्यावे लागते. ज्या मताची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही, ते आपण आनंदाने बदलतो आणि स्वतःला सुधारलेले म्हणवतो.

आणि आता ती किंमत वाढते आहे. बॅरिस्टर अंतुले यांच्या कल्पनेतला रेवस-रेड्डी सागरी मार्ग, धरमतर खाडीवरचा रेवस-करंजा पूल, पलीकडे जानेवारी २०२४ पासून वाहता झालेला अटल सेतू, यांमुळे अलिबाग तालुक्यातल्या जमिनीकडे मुंबईचे डोळे लागले आहेत. खाऱ्या वाऱ्याने करपणारी, भाताला न परवडणारी जमीन आता गुंठ्यावर मोजली जाते. बहिणीच्या सहीची घाई याच दिवसांत वाढली आहे.

मदीनेतली विधवा आणि तिच्या दोन मुली

इस्लामपूर्व अरबांचेही पक्के मत होते की, जो घोड्यावर बसत नाही, तलवार चालवत नाही, त्याला वारसा कसला? उहुदच्या लढाईत हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने रिवाजाप्रमाणे सारी मालमत्ता ताब्यात घेतली. सअद यांची विधवा दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे आली आणि आपली कैफियत मांडली. प्रेषित (स.) म्हणाले की, अल्लाह याचा निर्णय करील. मग वारशाची आयत अवतरली. प्रेषितांनी त्या चुलत्याला बोलावून दोन तृतीयांश मुलींना, एक अष्टमांश त्यांच्या आईला आणि उरलेले स्वतःला घेण्याचा आदेश दिला. अबू दाऊद व तिर्मिजी यांनी ही हदीस नोंदवली आहे.

लक्षात घ्या, ते लोकही ईमानवंत होते, वाडवडिलांचा रिवाज त्यांच्याही रक्तात होता. त्यांचे मत बदलायला तीन पिढ्या लागल्या नाहीत. आयत ऐकली आणि जमीन सुटली.

सूरह निसाच्या ७व्या आयतीत पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वारशात वाटा सांगितला असून, मालमत्ता थोडी असो वा फार, तो ठरलेला आहे असे स्पष्ट केले आहे. १९३७च्या शरीअत कायद्याने वारशात रिवाजाच्या जागी शरीअत आणली, पण त्यातून शेतजमीन वगळली. कुरआनने मात्र काहीही वगळले नाही. याच सूरहच्या १३व्या व १४व्या आयतींत हे हिस्से अल्लाहच्या मर्यादा असल्याचे सांगून, त्या ओलांडणाऱ्याला आगीची ताकीद दिली आहे. आणि बुखारी-मुस्लिममधील हदीसनुसार, ज्याने वीतभर जमीन अन्यायाने घेतली, त्याच्या गळ्यात कियामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड असेल. वीतभर, बंधूंनो! आपण तर गुंठ्यांची भाषा बोलतो आहोत.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने मिळाला. हक्कसोडीचा रिवाज त्यांच्या घरांतही आहे. सभांमधून आपण अभिमानाने सांगतो की, इस्लामने स्त्रीला वारसाहक्क चौदाशे वर्षांपूर्वी दिला. ते खरेच आहे. मग शेजाऱ्याने सातबारा उघडून दाखव म्हटले, तर आपण काय दाखवणार?

नेहमीच्या सबबी

"लग्नात तिला पुष्कळ दिले." लग्नातला खर्च बापाने आपल्या हयातीत स्वखुशीने केला, वारसा मृत्यूनंतर उघडतो. एकाने दुसरा फिटत नाही. आणि मुलाच्या लग्नाचा, शिक्षणाचा, परदेशी पाठवणीचा खर्च त्याच्या हिश्श्यातून कोण वजा करतो?

"ती खुशीने सोडते." मनाच्या खऱ्या संमतीवाचून मुसलमानाचा माल दुसऱ्याला हलाल नाही. माहेर तुटेल या भीतीने, चार भावांच्या नजरेसमोर केलेली सही ही खुशी नव्हे, संकोच आहे. तिची खुशी पाहायची असेल, तर आधी हिस्सा तिच्या नावे करा, ताबा द्या, वर्ष जाऊ द्या. त्यानंतर ती स्वतःहून काही देईल, तर ती देणगी ठरेल.

"जमीन परक्या घरात जाते." ज्या घरात तुम्ही बहीण दिली, ते घर परके कसे? बहीण दिली जाते आणि गुंठे दिले जात नाहीत, हा कुठला हिशेब?

हिशेब अवघड नाही

समजा, एक जण पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे ठेवून वारला आणि दफनाचा खर्च, कर्ज व वसीयत वजा जाता चाळीस गुंठे उरले. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे पाच गुंठे. उरलेल्या पस्तीसचे पाच भाग. मुलीला एक भाग, सात गुंठे. प्रत्येक मुलाला दोन भाग, चौदा गुंठे. कुटुंबाच्या पालनपोषणाची जबाबदारी शरीअतने पुरुषावर टाकली, म्हणून त्याला दुप्पट. पण दुप्पट म्हणजे सगळे नव्हे. वारस नोंदीच्या वेळीच आई व बहिणींची नावे लावून घ्या. जिथे पूर्वी हिस्सा बुडाला आहे, तिथे भावांनी बसून तो परत करावा किंवा आजच्या भावाने मोबदला द्यावा. तौबा केल्याने अल्लाहचा हक्क माफ होऊ शकतो. माणसाचा हक्क त्याला परत करावाच लागतो.

तरुणांनो, तुम्ही आजोबांच्या पिढीला मागासलेली म्हणता. त्यांनी मुलींना शाळेत घातले नाही हे खरे. पण नव्या तांदळाचे पोते आणि पहिला आंबा ते बहिणीकडे स्वतः घेऊन जात. तुम्ही बहिणीला पदवी दिली आणि तिचा फोन उचलणे बंद केले. वडीलधाऱ्यांनो, तुम्ही नव्या पिढीला बिघडलेली म्हणता, पण ज्या कागदाबद्दल मी वर लिहिले, त्याच घरातला कॉलेजात जाणारा मुलगा मला धक्क्यावर भेटला आणि हळूच म्हणाला, "मौलवीसाहेब, अब्बांना पुन्हा सांगा. फुफीचे सात गुंठे माझ्या वाट्याला यायला नकोत." मी पुन्हा गेलो. अजून जातो. अब्बा चहा देतात, विषय बदलतात. पण आता मला उठ म्हणत नाहीत.

सूरह फज्रमध्ये अल्लाहने वारशाचा माल अधाशीपणे गिळणाऱ्यांचा उल्लेख केला आहे. ती सूरह आपण नमाजात पुष्कळदा ऐकतो. पुढच्या वेळी ऐकाल, तेव्हा आपल्या सातबाऱ्यावर कुणाचे नाव नाही, हे एकदा आठवून पाहा.

हे अल्लाह, वाडवडिलांच्या सत्यावर आम्हाला ठाम ठेव आणि त्यांच्या चुकांना क्षमा कर. लोकांच्या भयापेक्षा तुझे भय आमच्या मनात मोठे कर. ज्यांचे हक्क आमच्या हाती अडकले आहेत, ते मृत्यूपूर्वी फेडण्याची आम्हाला बुद्धी दे, आणि अन्यायाच्या कागदावर सही करणाऱ्या या गुन्हेगारालाही माफ कर. आमीन.